दुखान, शुक्रवार

पहाटे सव्वापाचला अकरा जण आलो.
चौदातले तिघे गळाले: फुर्तादोची नाइट शिफ्ट,
जयतिलकची कंबर,
आणि अल-तय्यिब, ज्याच्याकडे पाहुणे आलेत.
चार शुक्रवार तेच पाहुणे.

दुखान म्हणजे धूर. दुःखाशी संबंध नाही,
हे आईला फोनवर तीनदा सांगून झालंय.
गोल्फही सांगितलाय: काठी, चेंडू, खड्डा.
"आणि गवत?"
गवत नाही, आई. अठराच्या अठरा होल वाळूत.
झेंड्याभोवतीची वाळू तेल शिंपडून बसवलेली,
सारवलेल्या अंगणासारखी. तिला ब्राउन म्हणतात.
हिरवळ आम्ही घरून नेतो,
फूटभर प्लास्टिकचा तुकडा, ज्याचा त्याचा.
त्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा,
तुकडा उचलून काखेत, आणि चालू पडायचं.
हेगिष्टे दर आठवड्याला आपला तुकडा हरवतो
आणि दर आठवड्याला तो काखेतच सापडतो.
कुणीतरी ती म्हण म्हणतंच. यावेळी मी.

माझा फटका विटीदांडूतला,
मॅकईचर्नने आता त्याचा नाद सोडलाय.
तो मोजतो वन, टू, थ्री.
मी मनात वकट, लेंड, मुंड, नाल.
चौथ्या होलवर झक्कूपर्यंत गेलो,
मग पुन्हा वकट, लेंड.
कार्डावर नऊ लिहिले.
सेक्रेटरी मीच, पेन्सिल माझीच, तरी नऊ.

आता सातवं.

कुरियाकोसने मारला. सूर्य समोर,
चेंडू उजेडात गेला तो गेलाच.
दिसला तो कोल्हा.
पाइपलाइनखालून रमतगमत आला,
ब्राउनवर वाकला,
आणि तोंडात पांढरं काहीतरी घेऊन
पळत सुटला.

वाद इतका लांबला की
मागचे चौघे येऊन पोचले, पुढचे परत आले.
बाहेरच्याने चेंडू हलवला, तर होता तिथे परत ठेवायचा.
पण होता कुठे?

तिलबहादूर तिथेच उभा होता, हातात फळी.
दोन वर्षं तो ब्राउनवरून आमची पावलं पुसतोय.
आज पहिल्यांदा त्याला कुणी काही विचारलं.
त्याने खड्ड्याकडे बोट केलं.
आत होता, म्हणाला. कोल्ह्याने आतून काढला.

म्हणजे होल इन वन.
म्हणजे लीगच्या एकमेव लेखी नियमानुसार
करक चहा आणि पराठे, सगळ्यांना, कुरियाकोसकडून.

कुरियाकोस, जो टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरतो,
अकरा वर्षं या एका फटक्यासाठी वाळू तुडवतोय,
म्हणाला, छे छे. कोल्ह्याचं तोंड एवढं आत जाईल का?
गुडघे टेकले, मनगटापर्यंत हात घातला,
घाम पुसत पुसत पटवत राहिला
की हे झालंच नाही.

हेगिष्टे म्हणाला, मतदान.
पाहिलं नव्हतं त्यांनीही मत दिलं.
तसं पाहिलं तर पाहिलं कुणीच नव्हतं.
दहा विरुद्ध एक.
तिलबहादूरचं धरलं तर अकरा विरुद्ध एक.
धरलं.

तेलवाल्या रस्त्यावरच्या टपरीपाशी बारा कप.
कुरियाकोसने सुट्टे दोनदा मोजले,
पराठ्याचे तुकडे करू म्हणाला, कुणी ऐकलं नाही.
तिलबहादूरने चहा बसून प्यायला,
मॅकईचर्नच्या गाडीच्या उघड्या डिकीत.
कप कचऱ्यात पडले. अकरा.
बारावा कुरियाकोसने बाटलीतल्या पाण्याने विसळला,
माझं पेन मागून बुडाशी तारीख घातली,
आणि फुंकर मारत उभा राहिला, शाई वाळेपर्यंत.

पुढचा शुक्रवार पाचला, ऊन वाढलंय.
ज्याने त्याने आपापली हिरवळ आणावी.
अल-तय्यिबने पाहुणे आणावेत,
म्हणजे आम्हालाही कळेल कोण आहेत ते.